प्राणी किती आणि थांबणार कधी: एथिक्स कमिटीला हवं असलेलं उत्तर

प्रश्न असा आहे: "मी बेळगावात एम. फार्म. करते. आमच्या खानापूरकडे साखरेच्या आजारावर सप्तरंगीच्या मुळाचा काढा देतात. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेल्या रॅटवर त्याचा अर्क तपासायचा प्रस्ताव मी दिला होता. पाच गट, प्रत्येकी सहा, एकूण ३० रॅट, २८ दिवस. कमिटीनं तो परत पाठवला आणि शेरा मारला: 'मॉडेल, प्राण्यांची संख्या आणि ह्यूमेन एंडपॉइंट यांचं समर्थन द्या.' आधीच्या बॅचच्या सगळ्यांनी हेच केलंय. कमिटीत बहुतेक आमचेच सर-मॅडम असतात, मग हे सगळं कशासाठी? आणि आता लिहू काय?"

कमिटीनं विचारलेले तिन्ही मुद्दे रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरं तुमच्याच विषयात आहेत. मॉडेल म्हणजे कुठल्या प्राण्यावर, कशा पद्धतीनं तपासायचं ते, आणि ह्यूमेन एंडपॉइंट म्हणजे त्रास कुठवर गेला की प्राण्याला प्रयोगातून काढायचं ती रेषा. आधी कमिटीला हा अधिकार कुठून मिळतो ते थोडक्यात पाहू, मग प्रस्तावाकडे वळू.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १४ नुसार ज्ञान वाढवण्यासाठी किंवा रोगावर इलाज शोधण्यासाठी केलेला प्रयोग बेकायदा ठरत नाही. पण कलम १७ त्याला अटी घालतं. प्रयोग काळजीनं आणि माणुसकीनं व्हावा. गरज तिथे भूल द्यावी. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी घेऊ नये. पुस्तक, मॉडेल किंवा फिल्म दाखवून शिकवता येत असेल तिथे प्राणी वापरू नये. नुसता हात बसावा म्हणून प्रयोग करू नये, आणि नोंदी ठेवाव्यात. या अटी पाळल्या जातात का हे बघायला कलम १५ खाली केंद्रीय समिती आहे. तिला पूर्वी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात, आणि ती केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाकडे आहे. १९९८ च्या नियमांनी, आणि नंतर २००१ व २००६ मधल्या दुरुस्त्यांनी, ही जबाबदारी प्रत्येक नोंदणीकृत संस्थेतल्या समितीपर्यंत आणली. आयएईसी (इन्स्टिट्यूशनल अ‍ॅनिमल एथिक्स कमिटी) म्हणतात ती हीच.

या समितीत आठ जण असतात. पाच संस्थेचे: एक जीवशास्त्रज्ञ, वेगवेगळ्या जैविक शाखांतले दोन शास्त्रज्ञ, प्राण्यांची देखभाल करणारा पशुवैद्य आणि अ‍ॅनिमल हाउसचा प्रभारी शास्त्रज्ञ. उरलेले तिघे केंद्रीय समिती नेमते: तिचा स्वतःचा प्रतिनिधी, बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ आणि विज्ञानक्षेत्राबाहेरचा, सामाजिक जाण असलेला एक सदस्य. मुख्य प्रतिनिधीला येता आलं नाही तर बसायला एक लिंक नॉमिनीही नेमलेला असतो. या दोघांपैकी कोणीच नसेल तर बैठक ग्राह्य धरत नाहीत.

म्हणजे 'आमचेच सर-मॅडम' हे तुमचं निरीक्षण आठपैकी पाच जणांपुरतं बरोबर आहे, आणि तिथे धोका आहे हेही खरं. एका कॉरिडॉरमध्ये काम करणारी माणसं एकमेकांच्या विद्यार्थ्यांचे प्रस्ताव अडवायला कचरतात. म्हणून दोन गोष्टी काटेकोर पाळाव्या लागतात. तुमचे गाईड समितीवर असतील तर तुमच्या प्रस्तावाच्या वेळी त्यांनी खोलीबाहेर जायचं आणि इतिवृत्तात तशी नोंद करायची. आणि बाहेरच्या तिघांना कागद निदान आठवडाभर आधी पोचायला हवेत. सिनॉप्सिसच्या तारखा जवळ आल्या की प्रस्तावांचा गठ्ठाच्या गठ्ठा एका दुपारी समोर येतो. अशा बैठकीत बाहेरच्या माणसाला टेबलावरच कागद मिळाले, तर त्याच्या असण्याला काही अर्थ राहत नाही.

विज्ञानाबाहेरच्या सदस्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात ही व्यक्ती बहुधा मराठी किंवा कन्नड वाचणारी असते, आणि प्रस्ताव असतो चाळीस पानी इंग्रजीत. फॉर्म बी, म्हणजे मंजुरीचा अर्ज, त्यासोबत मराठीत किंवा कन्नडमध्ये एक पानी सारांश जोडा. प्राण्याला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत काय काय होणार, एवढंच त्यात क्रमानं लिहा. हा सारांश लिहिताना तुमच्या प्रस्तावातल्या अर्ध्या त्रुटी तुमच्याच लक्षात येतील. 'रात्रभर उपाशी' असं लिहिलं की वाचणारा विचारतोच: रात्रभर म्हणजे किती तास? रॅट खातो रात्रीच. संध्याकाळी सहाला खाणं काढून सकाळी दहाला रक्त घेतलं, तर त्याचं दिवसभराचं सगळं जेवण तुम्ही काढून घेतलंत. सकाळी खाणं काढून दुपारी मोजलं तर सहा तासांचा उपास बहुतेक वेळा पुरतो. प्रश्न साधा आहे, पण तो विचारणारं कोणी समितीत नसेल तर पिढ्यान् पिढ्या 'ओव्हरनाइट फास्टेड' तसंच उतरवलं जातं.

आता मॉडेल. तुमच्या प्रस्तावात सर्वांत मोठा बदल इथे करावा लागेल.

सप्तरंगी म्हणजे सॅलॅशिया. तिच्या मुळातली सॅलॅसिनॉल आणि कोटालॅनॉल ही द्रव्यं बरीच अभ्यासली गेली आहेत. ती आतड्यातल्या अल्फा-ग्लुकोसिडेझ या एन्झाइमला अडवतात, त्यामुळे पिष्ट आणि साखर फुटून रक्तात जायचा वेग मंदावतो. अकार्बोज हे औषधही याच वाटेनं काम करतं. म्हणून कमिटीचा पहिला प्रश्न असा: जे बऱ्यापैकी ठाऊक आहे ते पुन्हा दाखवायला प्राणी कशाला? 'या भागातल्या मुळाचा अभ्यास झालेला नाही' एवढ्यानं काम भागत नाही. मुळात ती द्रव्यं किती आहेत हे क्रोमॅटोग्राफीनं कळतं, आणि एन्झाइम किती अडतं हे अल्फा-ग्लुकोसिडेझच्या चाचणीत कळतं. दोन्हींना एकही प्राणी लागत नाही. हे आकडे हातात नसताना आलेला प्रस्ताव मंजूर होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुळाची ओळखही पक्की हवी. बाजारातल्या वाळल्या मुळांत काय मिसळलंय ते डोळ्यांनी कळत नाही. बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे. नमुना अधिकृत ठिकाणी ओळखून घ्या आणि हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) क्रमांक प्रस्तावात लिहा. चुकीच्या मुळावर केलेला प्रयोग म्हणजे त्यात वापरलेला प्रत्येक प्राणी फुकट गेला.

पुढचा मुद्दा याहून नाजूक. द्रव्य आतड्यात काम करत असेल, तर स्ट्रेप्टोझोटोसिननं स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून उपाशीपोटीची साखर बघणं हा प्रश्नाशी न जुळणारा प्रयोग आहे. प्राण्याला महिनाभर आजारी ठेवायचं आणि उत्तर मात्र आडवळणानं मिळवायचं. त्यापेक्षा धडधाकट रॅटवर सुक्रोज टॉलरन्स टेस्ट करा. अर्क तोंडावाटे द्या, थोड्या वेळानं २० टक्के सुक्रोजचं द्रावण किलोमागे १० मिलिलिटर, म्हणजे किलोमागे २ ग्रॅम सुक्रोज. मग ०, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी शेपटीच्या टोकाचा एकेक थेंब ग्लुकोमीटरवर घ्या. दुपारपर्यंत प्रयोग संपतो, रॅट पिंजऱ्यात परत जातो आणि कोणी आजारी पडत नाही.

संख्याही यात कमी लागते, कारण तोच रॅट स्वतःचा कंट्रोल होऊ शकतो. आठ रॅट घ्या. प्रत्येकाला आठवड्याच्या अंतरानं चार गोष्टी द्या: नुसतं पाणी, अकार्बोज, अर्काचा कमी डोस, अर्काचा जास्त डोस. क्रम लॅटिन स्क्वेअरनं, म्हणजे प्रत्येक आठवड्यात प्रत्येक उपचार सारख्याच वेळा येईल अशा तक्त्यानं, ठरवा, म्हणजे आठवड्यांचा परिणाम औषधाच्या परिणामात मिसळणार नाही. एकूण ३२ निरीक्षणं. त्यांच्या ३१ डिग्रीज ऑफ फ्रीडममधून (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या आकड्यांमधून) रॅटचे ७, उपचारांचे ३ आणि आठवड्यांचे ३ वजा केले की एररसाठी, म्हणजे योगायोगाचा चढउतार मोजायला, १८ उरतात. विश्लेषणाला हे पुरेसे आहेत. वेगवेगळे गट केले असते तर प्रत्येकी आठप्रमाणे ३२ रॅट लागले असते.

याची किंमतही प्रस्तावात प्रामाणिकपणे मांडा. एकाच रॅटला चारदा उपास, आठदा घशात नळी (दर वेळी एकदा औषधाची, एकदा सुक्रोजची) आणि शेपटीचे वीस थेंब सोसावे लागतात. कमी प्राणी की प्रत्येकाला कमी त्रास, हा तोल कमिटीलाच तोलायचा असतो. इथे त्रास सौम्य आहे आणि मध्ये आठवड्याची विश्रांती आहे, म्हणून आठांचा पर्याय योग्य वाटतो. त्रास तीव्र असता तर उलट निर्णय घ्यावा लागला असता. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेल्या तीन 'आर'मध्ये, म्हणजे पर्याय शोधणं, संख्या कमी करणं आणि त्रास कमी करणं यांत, अशी ओढाताण नेहमीच असते. भारतात याला पुनर्वसनाचा चौथा 'आर' जोडलेला आहे.

तरीही तुमचा खरा प्रश्न बीटा पेशी वाचतात का, असा असेल आणि त्याला प्राथमिक पुरावा असेल, तर स्ट्रेप्टोझोटोसिनचा प्रयोग मागता येईल. मग संख्येचा हिशेब दाखवावा लागेल. 'प्रत्येकी सहा' ही निव्वळ सवय आहे. आधीच्या अभ्यासातून फरक आणि विचलन ठाऊक असेल तर पॉवरचा, म्हणजे खरा फरक सापडण्याच्या शक्यतेचा, हिशेब करा. गटांमधला अपेक्षित फरक विचलनाच्या दीडपट असेल, पॉवर ८० टक्के आणि अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) ५ टक्के धरला, तर दोन गटांच्या तुलनेत गटाला साधारण आठ प्राणी लागतात. फरक विचलनाच्या दुप्पट असेल तर पाच-सहांत भागतं. अशी माहिती कुठेच नसेल तेव्हा रिसोर्स इक्वेशन वापरतात: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करायची, उत्तर १० ते २० मध्ये यावं. तुमचे ३० वजा ५ म्हणजे २५ येतात, म्हणजे प्राणी जास्त. प्रत्येकी पाच घेतले तर २५ वजा ५, म्हणजे २०. बसतं.

पण मधुमेही व्हायचेत चार गट (पाचवा धडधाकट कंट्रोल), म्हणजे २० रॅट. इंजेक्शननंतर काही दगावतात, काहींची साखर चढतच नाही. इथे बहुतेक जण सरसकट पाच जास्त रॅट मागून मोकळे होतात. त्याऐवजी दोन टप्पे लिहा. आधी वीसांना इंजेक्शन द्या. ७२ तासांनी उपाशीपोटी साखर २५० मिलिग्रॅमच्या वर किती जणांची आहे ते बघा. जितके कमी पडतील तितक्यांनाच दुसऱ्या टप्प्यात घ्या, कमाल पाच. ज्यांची साखर चढली नाही त्यांचं काय करणार तेही आधीच लिहा. त्यांना परस्पर दुसरा डोस देणं मंजुरीबाहेरचं आहे.

साखर न चढण्याचं कारण बहुतेकदा टेबलावरच घडलेलं असतं. स्ट्रेप्टोझोटोसिन द्रावणात झपाट्यानं खराब होतं. ते पीएच ४.५ च्या थंड सायट्रेट बफरमध्ये, बर्फावर, उजेडापासून झाकून, आयत्या वेळी कालवायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत संपवायचं असतं. बफरचा पीएच चुकला किंवा एकाच वेळी वीस रॅटचं द्रावण करून तासभर टोचत बसलात, तर पहिल्या पिंजऱ्याला पूर्ण डोस मिळतो आणि शेवटच्याला कमी. चार-चारच्या तुकड्या करा. प्रौढ नर रॅटला किलोमागे ५० ते ६० मिलिग्रॅम हा नेहमीचा पल्ला आहे. मादी या औषधाला कमी दाद देते, म्हणून नर घेतले असं लिहायचं असेल तर हे कारणही लिहा. औषध कर्करोगकारक आहे, तेव्हा हातमोजे, मास्क, आणि पहिल्या काही दिवसांच्या गादीची (पिंजऱ्यात अंथरलेल्या तुसाची) वेगळी विल्हेवाट हे माणसांच्या बाजूचं कलमही कमिटी बघते.

पहिल्या रात्री रॅट मरतात ते साखर चढून नाही, उतरून. मरणाऱ्या बीटा पेशींतलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं. म्हणून पहिले २४ तास पाण्याऐवजी ५ ते १० टक्के ग्लुकोजचं पाणी ठेवतात. पुढे उलट होतं: मधुमेही रॅट दिवसाला शंभर मिलिलिटरच्या वर पाणी पिऊ शकतो, जिथे धडधाकट रॅटला २५ ते ४० पुरतं. एका बाटलीत रात्र निघत नाही, दोन लावा. गादी रोज बदला. शुक्रवारी संध्याकाळी एक बाटली लावून सोमवारी परत आलात, तर मेलेला रॅट औषधानं मेला की तहानेनं हे कुणालाच सांगता येणार नाही. प्रस्तावात रविवारची आणि सुट्टीची ड्यूटी नावानिशी लिहा.

डोस कुठून आला, हेही विचारतील. 'किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत विषबाधा नाही, म्हणून त्याचा दहावा भाग २०० आणि दुप्पट ४००' हे गणित शेकडो प्रबंधांत आहे, पण त्याचा लोक काढा किती घेतात याच्याशी संबंध नाही. रॅटचा किलोमागचा डोस माणसासाठी बदलायला ६.२ नं भागतात. ४०० ला भागलं तर सुमारे ६४.५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज साधारण ३.९ ग्रॅम अर्क झाला. मुळातून दहा टक्के अर्क निघत असेल तर दिवसाला ३९ ग्रॅम मूळ. खानापूरकडे काढ्यात मूळ किती घालतात ते विचारून लिहा आणि उलट्या दिशेनं डोस काढा. सप्तरंगीचं मूळ खणलं की वेलही जाते, हे लक्षात घेतलं तर असा डोस सुचवण्याआधी दोनदा विचार होईल.

तीव्र विषबाधेच्या चाचणीत जुनी एलडी-५०, म्हणजे निम्मे प्राणी मरतील तो डोस शोधणारी पद्धत, वापरू नका. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४०१ क्रमांकाची पद्धत २००२ च्या अखेरीस रद्द झाली. आता ४२३ मध्ये तीन-तीन मादी रॅट टप्प्यानं घेतात. २००० वर दोन टप्प्यांत काहीच झालं नाही तर सहा रॅटवर चाचणी संपते. पहिला अर्धा तास बारीक लक्ष, २४ तासांत वारंवार आणि त्यातही पहिले चार तास जास्त, नंतर १४ दिवस रोज. त्याच पद्धतीनं काढलेल्या अर्काची चाचणी आधी झालेली असेल तर तिचाच आधार द्या.

आता ह्यूमेन एंडपॉइंट. बहुतेक प्रस्तावांत इथे एकच ओळ असते: 'प्राण्याला असह्य वेदना झाल्यास वेदनारहित मृत्यू देण्यात येईल.' असह्य कशाला म्हणायचं, ते कोण ठरवणार, रात्री अकराला काय करणार? यातलं काहीच त्या ओळीत नसतं. कमिटीला मोजता येईल अशी रेषा हवी असते. तुमच्या प्रयोगासाठी ती अशी आखता येईल: पहिल्या आठवड्यात रोज वजन, नंतर आठवड्यातून दोनदा. सुरुवातीच्या वजनाच्या २० टक्के घट झाली की प्रयोगातून बाहेर. ग्लुकोमीटर सलग दोन दिवस 'हाय' दाखवत असेल आणि जोडीला सुस्ती असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवायचं. पाठ कमानीसारखी, केस उभे, अंग गार, हलकेच ढोसलं तरी न सरकणं, यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर वाट बघायची नाही. डोळ्यांभोवती आणि नाकाशी लालसर डाग दिसतात ते रक्त नसतं, ताणात असलेल्या रॅटच्या ग्रंथीतून येणारं पॉर्फिरिन असतं. नवखे ते पुसून टाकतात. ते नोंदवायला हवं. डोळे बारीक होणं, नाक-गाल सपाट होणं, कान दुमडणं यांना गुण देणारी ग्रिमेस स्केल वापरलीत तर दोन माणसांचं मत जुळायला सोपं जातं.

या सगळ्याचा तक्ता करून तो अ‍ॅनिमल हाउसच्या भिंतीवर मराठी आणि कन्नड दोन्हीत लावा. सकाळी सातला पिंजरा उघडणारा मदतनीस कंग्राळीचा असेल नाहीतर बैलहोंगलचा. इंग्रजी एंडपॉइंट फायलीत राहतो, आणि रॅटची अवस्था पहिल्यांदा बघणारा माणूस त्याच्यापर्यंत कधी पोचत नाही. 'कुणाला फोन करायचा' आणि 'साहेब न भेटल्यास पशुवैद्य स्वतः निर्णय घेऊ शकतात' या दोन ओळी त्यावर हव्यातच. नियमही दयामरणाची वेळ सांगतात: प्राणी लुळा पडून स्वतःचे नैसर्गिक व्यवहार करू शकत नसेल, हलता येत नसेल, भोवतालची जाण राहिली नसेल, वेदना तीव्र आणि वारंवार होत असतील, किंवा तो जिवंत राहिल्यानं माणसांना वा इतर प्राण्यांना धोका असेल.

मरणाची पद्धत नेमकी लिहा. ईथरची बाटली अजून कुठे कुठे कपाटात असते. ईथर पेट घेतो, श्वासनलिकेला झोंबतो, ती पद्धत सोडा. कार्बन डायऑक्साइड वापरणार असाल तर सिलिंडरला फ्लोमीटर हवा, आणि वायू दर मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के वेगानं भरायचा. आधीच वायूनं भरलेल्या डब्यात रॅट टाकायचा नाही. श्वास थांबला म्हणजे मेला असं धरू नका, दुसऱ्या उपायानं खात्री करा आणि कोण करणार तेही लिहा. रक्त घेण्याचाही हिशेब हवा. रॅटच्या अंगात किलोमागे साधारण ६४ मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये १६. एका वेळी त्याच्या दहा टक्क्यांवर, १.६ मिलिलिटरवर, जायचं नाही आणि पुन्हा तेवढं घ्यायचं तर दोन आठवडे थांबायचं.

पंचवीस रॅट गुणिले २८ दिवस म्हणजे ७०० वेळा घशात नळी घालणं. हे प्रस्ताव लिहिताना कुणी मोजत नाही, आणि या प्रयोगातला सर्वांत जास्त ताण तोच असतो. नळी श्वासनलिकेत गेली तर रॅट तिथेच जातो किंवा दोन दिवसांनी न्यूमोनियानं जातो, आणि तो मृत्यू औषधाच्या खात्यावर चढतो. नळी कोण घालणार, त्यानं आधी मेलेल्या प्राण्यावर हात बसवलाय का, हे लिहा. अर्क चवदार जेलीत मिसळून रॅट आपणहून खाईल का हे आठवडाभर तपासून बघा.

अ‍ॅनिमल हाउसच्या तपासणीत आपल्याकडचा पावसाळा हा वेगळा विषय आहे. तापमान १८ ते २९ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के, तासाला १२ ते १५ वेळा हवा बदल, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार, ही मार्गदर्शक चौकट आहे. बेळगावच्या हवेत तापमान फारसा त्रास देत नाही, पण जून ते सप्टेंबर आर्द्रता ७० च्या खाली ठेवणं डीह्युमिडिफायरशिवाय अवघड असतं. गादी ओली राहते, अमोनिया साठतो, छातीचे आजार वाढतात, खाद्याला बुरशी येते. भाताचं तूस खानापुरात मुबलक म्हणून थेट मिलमधून आणतात. त्यात धूळ असते, कीटकनाशक असू शकतं आणि गोदामातल्या उंदरांचं मूत असतं. चाळून, १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून, पूर्ण वाळवूनच वापरा. हे जमत नसेल तर मधुमेही रॅटचा प्रयोग ऑगस्टमध्ये सुरूच करू नका. कमिटी नोंदणीपत्र बघते तशी हायग्रोमीटरची वहीही बघते. सलग तीन महिने रोज ६५ टक्के लिहिलेलं दिसलं तर ती वही खोटी आहे हे कळायला तज्ज्ञ लागत नाही.

प्राणी नोंदणीकृत ब्रीडरकडूनच घ्या. रॅट लांबच्या प्रवासानं आले असतील तर निदान आठवडाभर वेगळे ठेवा. खानापूरच्या जंगलातले प्राणी हा निराळाच मामला आहे. भीमगडच्या बारापेडे गुहांतल्या वटवाघळांसारख्या वन्य प्राण्यांना हात लावायला वन्यजीव कायद्याखालची परवानगी लागते, कमिटीच्या मंजुरीनं ती मिळत नाही. कुत्रा, माकड, शेळी, डुक्कर, गाय-म्हैस यांच्यावरचा प्रयोग संस्थेची कमिटी फक्त शिफारस करून केंद्राकडे पाठवते. बी. फार्म.च्या प्रात्यक्षिकांत प्राणी दाखवायचा प्रश्न तर आता उरलेलाच नाही. त्याची जागा एक्सफार्मसारख्या संगणक प्रणालींनी घेतली.

मंजुरी मिळाल्यावर कमिटीचं काम संपलं असं समजू नका. माझ्या मते खरं काम तिथून सुरू होतं, आणि आपल्याकडे ते सर्वांत कमी होतं. डोस बदलला, गट वाढला, रक्त घ्यायची जागा बदलली, नळी घालणारी व्यक्ती बदलली, तर दुरुस्तीचा अर्ज आधी द्यायचा. प्रयोग करून मग मागितलेली मंजुरी मिळत नाही. अपेक्षेपेक्षा जास्त मृत्यू झाले तर लगेच कळवायचं, अहवालाची वाट बघायची नाही. प्रत्येक प्राणी कधी आला, कशासाठी वापरला आणि शेवटी त्याचं काय झालं हे फॉर्म डी मध्ये असतं. पिंजऱ्यांची मोजणी आणि फॉर्म डी जुळले पाहिजेत. न कळवता पिंजऱ्यांपाशी जाऊन हे जुळवून बघणारी कमिटी असेल तर ती चांगली समजा. कायद्यातला दंड कलम २० नुसार दोनशे रुपयांपर्यंतच आहे, त्याचा धाक कुणालाच नाही. प्रयोग थांबवण्याचा अधिकार, नोंदणी जाण्याची शक्यता आणि मंजुरी क्रमांकाशिवाय शोधनिबंध न घेणारी नियतकालिकं यांचा धाक आहे.

प्रस्ताव पुन्हा देताना वर एक उत्तरपत्र जोडा. कमिटीचा शेरा जसाच्या तसा, त्याखाली तुमचं उत्तर, आणि बदल कुठल्या पानावर केला तो पान क्रमांक. मॉडेलच्या शेऱ्याखाली एन्झाइम चाचणीचे आकडे आणि सुक्रोज टेस्ट का निवडली ते. संख्येच्या शेऱ्याखाली वरचा आठ रॅटचा हिशेब. एंडपॉइंटखाली भिंतीवरच्या तक्त्याची प्रत. सुक्रोज टेस्टनंतर ते आठ रॅट धडधाकटच असतील, त्यांचं पुढे काय याचं उत्तरही आताच लिहा. कमिटीच्या परवानगीनं ते दुसऱ्या सौम्य प्रयोगाला देता येतात किंवा अ‍ॅनिमल हाउसमध्ये सांभाळता येतात. शेतात किंवा नाल्याकाठी सोडून देणं हा पर्याय नाही. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा रॅट बाहेर एक रात्रही निभावत नाही.